देठासकट

“‘हिरवे पान हे आशेचे प्रतीक आहे,’” दामिनीने एका दमात म्हणून टाकले आणि वही मिटली. “झालं, ताई. गाईडमध्ये एवढंच हाय.”

यमुताई हसल्या. चौतीस वर्षे नागपुरात मराठी शिकवल्यावर गाईडचा आवाज त्यांना लांबूनही ओळखू येई. “आणि त्याच्या वर तू स्वतः काय लिहिलंस?”

दामिनीने लिहिले होते : बाप मुलीवर रागावला आहे, कारण तो तिच्याशी एक शब्दही बोलत नाही.

नववीच्या पुस्तकातली ती कथा दोनच पानांची. मुलगी शिकायला शहरात निघते. बाप तिला सकाळी सहाच्या गाडीवर सोडायला येतो. बोलत काही नाही. गाडी सुटताना संत्र्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवतो. प्रत्येक संत्र्याला देठ, देठाला हिरवे पान. बस, तिथेच कथा संपते.

“रागावलाय हे कशावरून?”

“मले माहीत आहे ना. माह्ये बाबाही तसेच हायेत.” दामिनी जूनमध्ये काटोलहून मावशीकडे शिकायला आली होती, मावशीचे घर यमुताईंच्या मागच्याच गल्लीत. “नागपूरले शिकाले जाते म्हटलं, तवापासून बोलतच नाहीत. फोन लावला तं नुसता कानाले धरून ठेवतात. मग मीच कापून टाकते.”

येताना तिने आणलेली संत्र्यांची पिशवी दाराशी पडली होती. परवा तिच्या बाबांनी काटोलच्या गाडीने पाठवलेली. “तुम्हीच ठेवा, मले नाही पाहिजेत,” असे म्हणून तिने ती टेकवली होती. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

“बरं, प्रतीक राहू दे बाजूला,” यमुताई म्हणाल्या. “मला हे सांग, तुमच्याकडे संत्री तोडतात कशी? मी आपली बाजारातून आणून खाणारी.”

दामिनीला हसू आले. एवढे शिकलेल्या ताईंना हे माहीत नाही! “ओढून तोडतात. भराभर होते. पण ओढला की वरची साल फाटते, मंग दोन दिवसात सडते. टिकवाचा असला तं कैचीनं कापा लागते, देठ ठेवून. एक एक. लय वेळ जाते त्यात, हात दुखून येते.”

“असं होय. आणि पान?”

“पान तं दुपारपर्यंत मान टाकते, ताई. हिरवं दिसून राहिलं म्हणजे त्याच दिवशी तोडलं…”

ती थांबली. पुस्तक ओढून तिने शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. बोट ओळीवरून हळूहळू सरकत होते.

“गाडी सहाची होती,” ती म्हणाली. “म्हणजे हा अंधारातच बगिच्यात गेला असंन. बॅटरी घेऊन. एका हातात बॅटरी, एका हातात कैची. मंग फांदी कशानं धरली असंन?”

“हे कथेत लिहिलंय?”

“नाही.”

“मग तुला कसं दिसलं?”

 दामिनीची नजर दाराशी पडलेल्या पिशवीकडे गेली होती. यमुताई मुद्दाम चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. काही उत्तरांच्या वेळी मास्तरणीने मध्ये बघायचे नसते.

दामिनी उठली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली. एक संत्रे काढून तिने उलटेसुलटे केले, मग दुसरे, मग तिसरे. बघता बघता फरशीवर सगळी पिशवी रिकामी झाली.

“पानं वाळून गेली, ताई,” ती हळूच म्हणाली. “मी दोन दिवस उघडलीच नाही.”

“आणि देठ?”

“सगळ्यांले हाय.”

यमुताईंनी न विचारताच आपला फोन तिच्यापुढे सरकवला.

पलीकडून उचलल्याचा आवाज आला आणि मग नेहमीचेच. काहीच नाही.

“बाबा, मी दामिनी,” ती म्हणाली. “कैचीनं हात दुखला असंन ना गा?”

पलीकडे दूर कुठेतरी बैलाची घंटी वाजली, तेवढीच. यमुताईंना वाटले, आता ही फोन कापते की काय.

फरशीभर पसरलेल्या संत्र्यांच्या मधोमध दामिनीने मांडी घातली, आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला.