पाचाचे चार

भूमिकाचा व्हिडिओ पाहिला आणि जादूगार वामनराव ढोकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात पाच पत्ते असताना लोकांसमोर चारच मोजून दाखवायचे, ही हातचलाखी त्यांची होती. नागपुरातल्या लग्नांत, शाळांत, गणपतीच्या मांडवांत तीस वर्षं ते ती करत आले होते. दर वेळी स्टेजवरून छाती ठोकून सांगत, "ही मोजणी वामनरावची, दुनियेत दुसऱ्या कोणाले येत नाही!" आणि सावनेरची ही कॉलेजातली पोरगी मोबाइलवर हसत म्हणत होती, "ही आमच्या घरची मोजणी."

दुसऱ्याच दिवशी एसटीनं ते सावनेरला गेले आणि पत्ता विचारत तिच्या दारात उभे राहिले.

"कोणाले विचारून चोरली वं माझी मोजणी?" ते ओरडले.

"मी काहून चोरू?" भूमिका तितक्याच जोरात म्हणाली. "मले माझ्या आईनं शिकवली."

"खोटं! बोलाव तुझ्या आईले!"

ओले हात पदराला पुसत आई बाहेर आली आणि वामनरावांनी तिला ओळखलं. लग्नाआधी पाच वर्षं स्टेजवर त्यांच्या बाजूला उभी राहून पत्त्यांचा ट्रे धरणारी प्रेमिला होती ती. तिनं त्यांना 'बसा'सुद्धा म्हटलं नाही.


"मी तुमाले ही मोजणी शिकवली, तेव्हा म्हणाले होते, स्टेजवर तुझं नाव घेईन. तीस वर्षं झाली, वामनराव. एकदा तरी घेतलं का?"