हवेचा दिवा

सकाळी कॉलेजला जाताना केर्ली गाव यायच्या आतच गाडीतला पिवळा दिवा पुन्हा पेटला. संयोगितानं गाडी कडेला घेतली. बोचऱ्या थंडीत उतरून तिनं चारही चाकं निरखून पाहिली. कुठं खिळा नव्हता, पंक्चर नव्हतं. तरी दिवा सांगत होता, टायरमध्ये हवा कमी आहे.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

"परत खड्ड्यात घातलीस व्हय?" अमरसिंह म्हणाला. "मी चालवतो तवा कसा पेटत न्हाय?"

ते खरंच होतं. दर रविवारी दुपारी तो गाडी फिरवून आणायचा. येता येता पंपावर स्वतः उभा राहून हवा भरून घ्यायचा. तिला जवळ बोलावून आकडा दाखवायचा. सोमवारी सकाळी तिच्या हातात दिवा पेटायचाच. गॅरेजमध्येही दाखवून झालं. टायरमधले सेन्सर उत्तम आहेत, असं तिथल्या माणसानं सांगितलं.

"गाडीत दोष न्हाय," परतताना अमरसिंह म्हणाला. "मग कशात हाय, ते तूच ठरव."

संयोगिता शाहूवाडीकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. चाळिशी उलटल्यावर, याच पावसाळ्यात ती गाडी शिकली होती. त्याआधी दोन एसट्या बदलून जायची आणि अंधार पडल्यावर घरी पोचायची. गाडी आल्यापासून ती परतताना बांबवड्याला थांबून एकटीच निवांत चहा प्यायची आणि तरीही उजेडात घरी असायची. अमरसिंह मात्र लक्ष्मीपुरीतल्या आपल्या दुकानात स्कूटरवरून जाऊ लागला. शेजारचे दुकानदार विचारायचे, "आजबी गाडी वहिनींनीच नेली?" तो हसून शटर वर करायचा.

दिव्यानं तिचा धीर खचला. गतिरोधक आला की ती श्वास रोखायची. समोरून ट्रक आला की थांबूनच राहायची. पहिला तास चुकू लागला. प्राचार्यांनी बोलावून समज दिली. त्या संध्याकाळी तिनं आपणहून किल्ली अमरसिंहच्या पुढ्यात ठेवली.

"तुम्हीच वापरा. मला नाही जमत."

"असूं दे," तो मायेनं म्हणाला. "समद्यांनाच जमतंय असं न्हाय."

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. संयोगिता एसटी गाठायच्या घाईत डबा भरत होती. बाहेर बेसिनपाशी अमरसिंह दाढी करत होता. फोन स्पीकरवर होता. नाशिकहून त्याची धाकटी बहीण अनुजा बोलत होती. तिनं नवी गाडी घेतली होती आणि आवाज रडवेला होता.

"दादा, टायरचा दिवा रोज सकाळी लागतोय. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असणार."

"खुळी हाईस काय? तुझ्या हाताचा काय संबंध? थंडीनं हवा आकसती, म्हणून लागतोय. आणि एक ध्यानात ठेव. दुपारी गाडी फिरवून आणली की हवा भरू नको. टायर तापलेला असतोय. आकडा बरोबर दिसतोय, पण सकाळी कमी पडतोय. सकाळी निघतानाच भर. दिवा जातोय बघ. गाडी तेवढी सोडू नको."

आत संयोगिताला सगळं ऐकू आलं. तिनं डब्याचं झाकण लावलं, किल्ली उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. गाडीचा आवाज ऐकून अमरसिंह तोंडाला फेस तसाच घेऊन पुढं आला, तेव्हा फाटक उघडं होतं.

संध्याकाळी ती उजेडातच परतली. अमरसिंह दारात उभा होता.

"पेटला असंल की दिवा," तो म्हणाला.

"पेटला होता." तिनं चप्पल काढली. "वन्संना सांगितलंत तसं केलं. गेला. त्यांचा गेला का, तेवढं विचारा."