कारभाऱ्याची तपासणी

कारभारी टेबलावर उभा होता आणि काकांनी त्याचं डोकं छातीशी घट्ट धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला, बोटाला जेली लावली आणि कुत्र्याची शेपटी वर उचलली. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.

बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर काकूंना रक्ताचे थेंब दिसले होते. पुसले, तर पुन्हा दिसले. काका म्हणाले होते, अगं, हा म्हातारा शिरतो तिथे, वय झालं की व्हायचंच असं. काकूंनी चौकशी केली तेव्हा या दवाखान्याचं कळलं. प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या कुत्र्यांवर इथे उपचार करत करत अभ्यास चालतो म्हणे. काका आज नको, उद्या बघू करत राहिले. शेवटी काकूंनीच कारभाऱ्याला गाडीत घातलं.

तपासण्याआधी बाईंनी लक्षणं विचारली होती. काकूंनी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले. लघवीला जोर करावा लागतो, मध्येच थांबते, मग थेंब थेंब येते. कमरेतून कळ निघते, ती पार मांडीपर्यंत जाते.

"मांडीपर्यंत जाते हे तुम्हाला कसं कळलं, काका?"

"इतकी वर्षं एकत्र काढली की कळतं."

बाईंना बोलायची हौस होती. हा आजार उंदराला मुद्दाम द्यावा लागतो, त्या सांगत होत्या, पण कुत्र्याला तो माणसासारखा आपसूक होतो. कुत्रा आपल्याच घरात राहतो, आपल्याच हवेत म्हातारा होतो. म्हणून जे औषध त्याला लागू पडेल, ते उद्या माणसांच्याही कामी येईल. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या कुत्र्याकडे बघत होत्या. तो निवांत उभा होता.

बोटाची तपासणी झाली. सोनोग्राफी झाली. लघवीही तपासून आली. बाईंनी हातमोजा उलटा करून टोपलीत टाकला.

"ठणठणीत आहे हा. आमच्या अभ्यासाला काही उपयोगाचा नाही. आणि ते रक्त याचं नव्हे."

काकूंच्या मनात आलं, आंघोळीच्या भीतीनं हा पलंगाखाली दडून बसतो. बाथरूमच्या उंबऱ्याशी ओढत नेला तरी चारी पाय रोवतो. हे त्यांना काल ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनही त्यांनी नवऱ्याचं म्हणणं खरं धरलं होतं.

काका कारभाऱ्याचे कान कुरवाळत बसले. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, माणसांचं कुठे बघतात. समोरच्याच इमारतीत, बाई म्हणाल्या. आत्ता गेलात तर डॉक्टर भेटतील.

"तिथेही असंच बोट घालून बघतात?"

"असंच."

"मग याच्याइतकं शहाण्यासारखं माझ्याच्यानं उभं राहवणार नाही."

बाई हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन हात केला.

"पट्टा इकडे द्या. तिकडे कुत्र्यांना आत घेत नाहीत."