ओलीचं डिझाईन

आमच्या सुदर्शनला पोरगी द्यायची म्हणून लातूरचे पाहुणे नांदेडला घर बघायला येणार, अन् इकडं टाकी गळून बैठकीच्या भिंतीला हातभर ओलीचा डाग! बजरंग पेंटर म्हणाला, “मावशी, उद्यापर्यंत ओल काही वाळत न्हाई. असेच डाग चारी भिंतींवर काढून देतो, लोकांला डिझाईन वाटंल.” स्पंजानं त्यानं इतकं हुबेहूब रंगवलं की खरा डाग कोणता, ते मलाच सापडंना.

पोरीच्या आईची नजर भिंतीवरून हलंना. शेवटी विचारलंच, “अक्का, ही ओल हाय का हो?”

मी काय कच्च्या गुरूची चेली न्हाई. म्हणलं, “ओल कशाची? मुद्दाम पेंटर लावून काढलेलं डिझाईन हाय. आमच्या घरात पाण्याचा टिपूस सापडायचा न्हाई!”

बाईचं तोंडच उतरलं. “अगं बाई! मला वाटलं, भिंती पाझरतात एवढं पाणी हाय ह्यांच्याकडं.”

मग चहाचा कप खाली ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, “उठा. टँकरमागंच पळायचं, तर पोरीला लातूरचा नवरा काय वाईट?”