गोल होईपर्यंत चहा बंद

"आई, आज गोल झाला," फिनलंडहून विश्वजित फोनवर म्हणाला, पण कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा.

मंदाताईंनी डोळे मिटून अंबाबाईला हात जोडले. पोरगा परदेशी फुटबॉल खेळायला निघाला, तेव्हा त्याचा पहिला गोल होईपर्यंत चहा सोडते, असा नवस त्या बोलल्या होत्या. तो बचावफळीतला, समोरच्या गोलपासून मैदानभर लांब उभा राहणारा, हे तेव्हा त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पुढं त्यानं क्लब बदलले, प्रत्येक आधीच्यापेक्षा खालच्या डिव्हिजनमधला. इकडे चहावाचून ताईंचं डोकं उठायचं आणि सगळा राग त्यांच्या यजमानांवर, नानांवर निघायचा.

"पण आमच्याच जाळीत गेला गं. माझ्या गुडघ्याला लागून. हरलो. आता हे लोक तरी ठेवतात का बघायचं."

ताईंनी एकदा देव्हाऱ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मी देवीला नुसतं गोल म्हटलं होतं. जाळी कुणाची, ते बोलले नव्हते."

पलीकडं पोरगा खो खो हसत सुटला. इकडे नानांनी कुणी न सांगता आधण ठेवलं.

पहिला घोट पोटात गेल्यावर ताई देव्हाऱ्याकडं वळल्या. "आता नीट बोलते, आई. समोरच्यांच्या जाळीत गोल होईस्तोवर..."

"थांब जरा," नाना घाईघाईनं म्हणाले. "या खेपेला कारलं सोड."