भार्गवची भेटप्रत

पुस्तकाची पहिली प्रत नायकाला द्यायची रीत असते. म्हणून शरयूताईंनी 'शनीची फौज' या मालिकेचा स्वतः लिहिलेला इतिहास सेटवर कप्तान भार्गवच्या हाती ठेवला. आपण काय देत आहोत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

भार्गव हा प्रयोगशाळेत घडवलेला नट. त्याचं रक्त खरं होतं आणि दुखणंही खरं. प्रत्येक भागात तो मरायचा. मग त्याला शिवून उठवत आणि त्याच्या आठवणी पुसून टाकत.

त्याने चार पानं वाचली आणि मानेवरची शिवण चाचपली.

"ताई, कुऱ्हाडीने?"

"मालिकेत रे."

"आणि हे जिवंत जाळणं? मी ओरडलो होतो?"

"खूप." शरयूताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी त्याला उत्कृष्ट अभिनय म्हटलंय."

"गप्पा पुरे!" दिग्दर्शक बर्वे खेकसला. "वज्रासुरा, तलवार उचल. आज याचं पोट फाडायचंय. आणि भार्गव, जरा मन लावून मर हं!"

खलनायक वज्रासुरही तसाच घडवलेला होता. भार्गवने उघडं पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

"हे सगळं मी केलं?" वाचता वाचता वज्रासुराने विचारलं.

"तुझ्याकडून करवलं."

तलवार वळली. बर्वे किंचाळत दाराकडे पळाला, पण पातं त्याच्या पाठीत शिरून छातीतून बाहेर आलं.

भार्गवने रक्ताने भिजलेलं पुस्तक शरयूताईंना परत दिलं.

"यांना शिवून उठवतील?"

"नाही रे. माणसाला नाही उठवता येत."

"मग हा भाग लिहाल तेव्हा, ताई, त्यांच्या ओरडण्याला अभिनय म्हणू नका."