घाटात बंद पडणारी जीप

ते २०१९ साल. कमलीबाईचं घर नवलसिंगच्या, तिच्या नवऱ्याच्या, जीपवर चालायचं. मोलगीच्या घाटात ती सारखी बंद पडू लागली, तसे बाजारकरी दुसरी जीप धरू लागले.

मगन मिस्त्रीने फिल्टर बदलला, पंप खोलला. शेवटी नवराबायको दोघांबरोबर तो रिकाम्या जीपमधून निघाला. घाटात इंजिन बंद पडलं आणि उतारू उतरल्यावर वर येते तशी जीपची मागची बाजू हळूच वर आली.

"दादा, इंजिनमा खोट नही," मगन म्हणाला. "कोनतरी उतरी ऱ्हायनं."

कमलीबाई थकली होती. "मग एकदाचं आमच्या घरीच उतर म्हणावं."

संध्याकाळी जीप त्यांच्या दारात बंद पडली. मागची बाजू वर आली.

त्यानंतर ती कधी बंद पडली नाही. मगन सुरतेला गेला. नवलसिंग अजून भाडी मारतो. कमलीबाई जमिनीवर निजते. ओसरीतली तिची रिकामी बाज मधोमध दबलेली असते.